स्नान कुठंही, निद्रा माहुरी

दत्तात्रेयांची दिनचर्या मराठी माणसाला तोंडपाठ असते. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. माहूरहून काशी सरळ रेषेत मोजली तरी आठशे किलोमीटरच्या घरात जाते. तिथून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून पुन्हा माहूर असा फेरा धरला, तर रोजची रपेट अडीच हजार किलोमीटरच्या वर भरते. सामान म्हणाल तर एक झोळी, एक कमंडलू आणि पायात खडावा. पाठीवर सॅक टाकून जग हिंडणाऱ्यांनी घरात तसबीर लावावी असा हा प्रवासी. पण भाविक काय आणि भटके काय, या दिनचर्येतली खरी गोम कुणी लक्षात घेत नाही. ज्याला क्षणात कुठंही जाता येतं, त्याला कुठंही झोपताही आलं असतं. हिमालय काही लांब नव्हता, कैलासावर ओळखही होती. तरी पाठ टेकायला निवडलं ते नांदेड जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या वळणातलं, सागाच्या जंगलातलं माहूर. पौषातल्या पहाटे काशीच्या घाटावर बुडी मारायला छाती लागते, पण ते काम दहा मिनिटांचं. झोप सहा तासांची. दहा मिनिटांचा गारठा सोसता येतो, सहा तासांचा सोसावा लागतो, आणि या दोन क्रियापदांमधल्या अंतरातच थंड देशातल्या मुक्कामाचं सगळं शास्त्र भरलेलं आहे.

श्रद्धेचा विषय असा सामानाच्या यादीत ओढू नये, असं कोणी म्हणेल. मान्य. कथा म्हणजे तापमापक नव्हे. पण ती सांगत आलेल्या पिढ्यांना हिंडायची जागा आणि झोपायची जागा यांतला फरक कळत होता, एवढं तिच्यातून निघतं आणि मला तेवढंच हवं आहे. शिवाय साक्ष एकट्या कथेची नाही. माहूरला मानणारा महानुभाव पंथ घ्या. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अनुयायांना गाव सोडून झाडाखाली निजायला सांगितलं. हिवाळी तंबूवाल्यांना ही आपल्याच बाजूची आज्ञा वाटेल. मात्र त्याच स्वामींनी महाराष्ट्रातच राहा असंही बजावलं होतं. दोन्ही आज्ञा एकत्र वाचायच्या असतात. पहिली एकटीच घेऊन जो नॉर्वेला जाईल, त्याची जबाबदारी पंथावर नाही.

तर हल्ली नॉर्वेला जाणारे पुष्कळ निघालेत. नांदेड-लातूरच्या घरांतली मुलं पुण्या-हैदराबादला नोकरीला असतात, एखादं भावंड ऑस्लो नाहीतर स्टॉकहोमला असतं, डिसेंबरात सुट्ट्या साठलेल्या असतात आणि मेच्या उन्हात पंख्याखाली पडून बर्फाचे व्हिडिओ पाहिलेले असतात. बेत ठरतो तो मेमध्ये, हे महत्त्वाचं. बाहेर पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना उणे पंधरा हा आकडा धमकीसारखा वाटत नाही, सवलतीसारखा वाटतो. मग यादी सुरू होते. पहिल्या क्रमांकावर जॅकेट, कारण ते फोटोत दिसतं. मग बूट, कॅमेरा, ट्रायपॉड, ध्रुवीय प्रकाश कुठल्या दिशेला दिसेल त्याचं ॲप, बर्फावर चालायचे काटे, पॉवर बँक, तिची पॉवर बँक. मग आईच्या बाजूनं चिवडा, मावशीच्या बाजूनं कानटोपी. झोपायचं काय, हा मुद्दा बेचाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास येतो आणि त्यापुढं कोणीतरी ‘बघू’ असं लिहिलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी उलटी आहे. थंड देशातल्या सहलीचा बेत हा मुळात झोपेचा बेत आहे, दिवसाचं हिंडणं त्याला आपोआप चिकटतं. आणि या झोपेच्या बेतात मराठवाड्याच्या माणसाला सामान कमी पडत नाही, उन्हाळ्यानं शिकवलेलं शहाणपण जास्त पडतं. विमानतळावर वजन करायचं तर त्याचं करावं.

गंमत अशी की झोपेचा प्रश्न पहिला आहे हे परराष्ट्र खात्यांना बरोबर कळलेलं आहे. नॉर्वे शेंगेन गटात येतो. त्याच्या व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता विचारतात आणि राहण्याची सोय असल्याचा पुरावा मागतात. किमान तीस हजार युरोचा आरोग्यविमाही लागतो. आता ज्याचा सगळा बेतच मुळी रोज नव्या जागी तंबू ठोकायचा आहे, त्यानं त्या रकान्यात काय लिहावं? ‘तळ्याच्या अलीकडं, बर्फाच्या पलीकडं’ हा पत्ता चालत नाही. तंबूच्या खरेदीची पावती हा निवासाचा पुरावा म्हणून जोडावा, तर तंबूला दार क्रमांक नसतो. शेवटी पहिल्या दोन-तीन रात्रींचं हॉटेल घेऊन आणि भावंडाचं निमंत्रणपत्र लावून सुटका करून घेतात. अधिकाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ‘रात्री झोपणार कुठं?’ हा प्रश्न यादी करणाऱ्यांपैकी एकानंही विचारला नव्हता, तो त्यांनी विचारला.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो मराठवाडी अभिमानाचा असतो. आमच्याकडं काय थंडी पडत नाही का? दत्तजयंतीला माहूरला जाऊन बघा. मार्गशीर्षातली पौर्णिमा, गडावरचं वारं, दर्शनाला लोटलेली माणसं, आणि धर्मशाळा भरल्या की ओट्यावर, मांडवात, ट्रकच्या हौद्यात वाकळा टाकून झोपलेली कुटुंबं. परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी तर दर हिवाळ्यात ठरलेली. हे सगळं खरं आहे. पण आपल्या थंडीला एक गुण आहे, ती वक्तशीर आहे. रात्री उशिरा येते, पहाटे जोर करते आणि नऊच्या सुमारास कोवळं ऊन ओसरीवर आलं की चहा पिऊन निघून जाते. आपण थंडीशी झुंजतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण सूर्याची वाट बघत असतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. ‘सकाळी जरा उन्हात बसू’ या एका गृहीतावर ज्याची सगळी हिवाळी संस्कृती उभी आहे, त्यानं हे वाक्य यादीच्या डोक्यावर लाल शाईनं लिहावं. ट्रोम्सो तरी समुद्राकाठी आहे, तिथं उबदार प्रवाहामुळं पारा मर्यादेत राहतो. आत फिनमार्कच्या पठारावर काराशोक नावाचं गाव आहे, तिथं १८८६ सालच्या पहिल्याच दिवशी उणे ५१.४ नोंदलं गेलं. परभणी तिथं उन्हाळी पर्यटनस्थळ ठरेल.

आता उन्हाळ्याच्या शहाणपणाकडं वळू. त्यातला पहिला धडा सुती कपड्याचा. हा धडा आपल्या रक्तात आहे. नांदेड ही कापसाची पेठ, उस्मानशाही मिलचं गाव. ‘नांदेड ४४’ या कापसाच्या वाणानं तर जिल्ह्याचं नाव लांबलांबच्या काळ्या रानात पोचवलं. अशा जिल्ह्यातल्या माणसाला ‘कापूस अंगाला लावू नकोस’ म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा बंद करायला सांगणं. पण कारण सरळ आहे. सुती बनियन घाम शोषून घेतं, धरून ठेवतं आणि सावकाश वाळत वाळत अंगातली उष्णता ओढून नेतं. आपण त्याला ‘गार वाटतं’ म्हणतो आणि त्यासाठीच ते घालतो. कूलरमधलं ओलं गवत, खिडकीतला वाळ्याचा पडदा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, सगळ्यांचा धंदा एकच. उणे पंधरात सुती बनियन घालून चढ चढणारा माणूस स्वतःला माठ करून घेतो. तिथं लोकरीचं किंवा घाम बाहेर सोडणारं कृत्रिम धाग्याचं कापड अंगालगत लागतं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे घाम येऊच द्यायचा नाही. चढ लागायच्या आधी, थंडी वाजत असतानाच, एक थर काढून ठेवायचा आणि सावकाश चालायचं. काम केल्याचा पुरावा म्हणजे घाम, असं ज्या मातीत मानतात तिथल्या माणसाला हे आळशीपणाचं प्रशिक्षण वाटतं.

घोंगडी आपल्याकडं आहे की, असं इथं कोणी म्हणेल. आहे, आणि धनगरांचं हे शहाणपण शंभर नंबरी आहे. दख्खनी मेंढीची जाड लोकर थोडी ओली झाली तरी ऊब राखते, वारं अडवते, खाली अंथरता येते, वर पांघरता येते, पावसात डोक्यावर खोळ करून घेता येते. मराठी मुलखातला हा सर्वांत जुना तंबू. अडचण एवढीच की उणे पंधराला एका घोंगडीनं भागत नाही, दोन लागतात, आणि दोन घोंगड्या भरल्यावर सॅकमध्ये दुसरं काही मावत नाही. मेंढपाळाच्या मागं सामान वाहायला घोडं असतं. हौशी प्रवाशाच्या मागं हप्ते असतात.

दुसरा धडा फरशीचा, आणि झोपेचं खरं मर्म इथंच आहे. एप्रिल-मेच्या दुपारी मराठवाड्यात शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून, चटईसुद्धा न टाकता उघड्या पाठीनं आडवं व्हायचं हा परमानंद. फरशी अंगातली उष्णता पिऊन घेते म्हणून तो आनंद. बर्फाची जमीनही अंगातली उष्णता पिते, फक्त तिचं पोट कधी भरत नाही. नवखा माणूस पांघरुणावर पैसे घालतो आणि अंथरूण विसरतो, कारण आपल्या भाषेतही थंडी म्हटलं की पांघरायचंच सुचतं. स्लीपिंग बॅगचा पाठीखाली येणारा भाग अंगाच्या वजनानं चेपून पापड होतो. त्यातली हवा निघून गेली की ऊबही गेली, कारण ऊब पिसांत किंवा कापसात नसते, त्यांनी अडवून ठेवलेल्या हवेत असते. म्हणून खाली जाड मॅट लागते, बर्फावर तर दोन. आजीच्या वाकळेत जुन्या लुगड्यांचे सात थर का असतात, याचं उत्तर हेच. तिला भौतिकशास्त्र माहीत नव्हतं, पण फरशी माहीत होती. वाकळ ऊब देत नाही, राखते. ऊब द्यायचं काम आतल्या माणसाचं, आणि झोपलेला माणूस उष्णता देतो ती जुन्या साठ वॅटच्या बल्बपेक्षा थोडीशी जास्त. एवढ्या भांडवलावर रात्र काढायची आहे हे ध्यानात घेऊन बाकीचा खर्च ठरवावा.

स्लीपिंग बॅगवर छापलेल्या आकड्यांवर तर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. पूर्वी प्रत्येक कंपनी मनाला येईल तो आकडा छापायची, म्हणून युरोपात २००२ साली प्रमाण ठरलं. त्यात तीन मुख्य आकडे असतात. पहिला आरामाचा: या तापमानात प्रमाण स्त्री निवांत झोपू शकते. दुसरा मर्यादेचा: या तापमानात प्रमाण पुरुष मुटकुळं करून, कुडकुडण्याच्या अलीकडं, कशीबशी रात्र काढतो. तिसरा टोकाचा: या तापमानात प्रमाण स्त्री सहा तास मरत नाही. हिमदंश होऊ शकतो, मरत मात्र नाही. आता दुकानात गेल्यावर आपला माणूस तिन्हींत सर्वांत मोठा आकडा कुठला ते पाहतो, किंमत विचारतो आणि ‘उणे पंचवीसची घेतली’ असं घरी फोन करून सांगतो. त्यानं झोपण्यासाठी घेतली ती सहा तास न मरण्याची हमी. त्यातही प्रमाण पुरुष म्हणजे वय पंचवीस, उंची १७३ सेंटिमीटर, वजन ७३ किलो. हे गृहस्थ नांदेडच्या शिवाजीनगरात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत सहसा आढळत नाहीत. पन्नाशीच्या, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या, अंथरुणातून दोनदा उठणाऱ्या माणसानं पहिला आकडा वाचावा आणि बॅग त्याहूनही पाच अंश कमी थंडीची आहे असं धरावं. बाकीचे दोन आकडे ज्ञानेश्वरीतल्या अवघड ओव्यांसारखे आदरानं बाजूला ठेवावेत.

तिसरा धडा पाण्याचा, आणि या विषयावर मराठवाड्याला कुणी शिकवू नये असं वाटणं साहजिक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. त्या लातूरकराला बर्फाळ पठारावर उभं केलं तर त्याचे डोळे भरून येतील. नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी, टँकरची चिठ्ठी नाही, नगरसेवकाचा फोन नाही. फक्त त्यातलं पिता येत नाही. बर्फ वितळवायला इंधन जळतं, आणि निसर्गाचा हिशेब सावकारी आहे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाचंच पाणी करायला ऐंशी कॅलरी लागतात, म्हणजे तेवढ्याच पाण्याला शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवायला लागते तेवढी उष्णता, आणि एवढं करून हातात येतं ते दात कळवळून सोडणारं गार पाणी. चहा अजून पुढंच आहे. म्हणून गॅस घरच्या अंदाजानं घेतला तर तिसऱ्या दिवशी संपतो. तो विमानातून नेता येत नाही, तिथंच विकत घ्यावा लागतो. घेताना नळकांड्यात काय भरलंय ते पाहावं लागतं, कारण पारा शून्याच्या जरा खाली गेला की नुसत्या ब्यूटेनचा वायूच होत नाही. प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत हार मानत नाही. भांड्यात आधी घोटभर पाणी ठेवून मग बर्फ टाकायचा, नाहीतर कोरडं भांडं करपतं. बर्फ करपवून दाखवणारा माणूस निपजायचा असेल तर तो आपल्याकडचाच असेल. तयार झालेलं पाणी रात्री बाटलीत भरून बाटली उलटी ठेवतात. बर्फ वरच्या बाजूनं धरतो, त्यामुळं सकाळी बुडाशी बर्फ असतो आणि झाकण उघडतं. माठाला बुडाशी तोटी लावणाऱ्यांना ही युक्ती पटकन कळावी.

पाणी जास्त प्यायलं की दुसरा प्रश्न येतो आणि सभ्य लेखक तो टाळतात. रात्री दोन वाजता स्लीपिंग बॅगची चेन, मग तंबूची चेन, मग बूट, मग बाहेरचा काळोख, हा प्रवास म्हणजे सहलीतली सर्वांत खडतर चढाई असते. आळस करून तसंच पडून राहणाऱ्याला झोप लागत नाही आणि गारठाही जास्त वाटतो. अनुभवी लोक एक वेगळी, ठळक खूण केलेली, रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवतात. खूण ठळक असावी यावर सर्व तज्ज्ञांचं एकमत आहे. याच बॅगेत रात्री फोन, कॅमेऱ्याची बॅटरी, ओले मोजे आणि बुटांचे आतले अस्तर घ्यावे लागतात, नाहीतर सकाळी पहिल्या तिघांचा जीव गेलेला असतो आणि बुटाची लाकडी खडाऊ झालेली असते. पण एक मोह टाळायचा. डोक्यावरून पांघरूण ओढून आत श्वास सोडायचा नाही, कारण श्वासातली वाफ बॅगेत मुरते आणि दुसऱ्या रात्री ती ओली लागते. तोंड बाहेर ठेवून झोपायचं. आपल्याकडं डासांमुळं नेमकी उलटी सवय लागलेली असते. तंबूचीही फट उघडी ठेवायची. दारं-खिडक्या लावून, आत शेगडी पेटवून बसायचं हे आपलं थंडीचं चित्र तंबूत जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो उठवायलाही येत नाही.

एका बाबतीत मात्र आपलं स्वयंपाकघर सहज जिंकतं. आतल्या बल्बला रात्रभर इंधन पुरवायचं तर झोपण्यापूर्वी स्निग्ध, जड काहीतरी खाल्लं पाहिजे. यासाठी परदेशी दुकानांत वेष्टनातल्या वड्या मिळतात, त्यांच्यावर डोंगराचं चित्र आणि अंगावर येणारी किंमत असते. डिंकाचा लाडू या कामासाठीच जन्माला आला आहे. तूप, खोबरं, खारीक, डिंक, गूळ. वजनाला कमी, ताकदीला जास्त, गोठला तरी दाताखाली येतो, आणि बाळंतिणीला दिला जातो म्हणजे त्याची चाचणी पिढ्यान्पिढ्या झालेली आहे. शेंगदाण्याची पोळी चालते. धपाट्यांबद्दल मतभेद आहेत. पहिल्या दिवशी ते धपाटे असतात, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर तंबूच्या मेखा ठोकता येतात. येसर मात्र न्यावा. गरम पाण्यात चमचाभर टाकला की आमटी होते आणि त्या वासानं तंबूतली माणसं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागतात.

सर्वांत जड आक्षेप पुढं आहे, आणि तो विनोदानं उडवून लावता येत नाही. उघड्यावर झोपणं ही आपल्याकडं हौस नव्हती, वेळ आली म्हणून करायची गोष्ट होती. किनवट-माहूरच्या तांड्यांतल्या बंजारा समाजाचे पूर्वज मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलखामागून मुलूख ओलांडत आणि रात्री माळावर तळ टाकत. निदान ओझं बैलाच्या पाठीवर असायचं. एवढा एक शहाणपणाचा भाग आजच्या सॅकवाल्यांनी गाळला. आजही दिवाळी झाली की मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन साखरपट्ट्यात जातात आणि अख्खा हिवाळा कोप्यांत काढतात. फडात पहाटेच्या दवात भिजलेला ऊस तोडणाऱ्या बाईला ‘हिवाळी कॅम्पिंग’ हा शब्द ऐकवून पाहावा. तेव्हा ज्यांच्या आजोबांनी माळवद बांधलं, बापानं स्लॅब टाकला, त्यांनी पुन्हा लाखभर रुपये मोजून छपराबाहेर का जावं? या आक्षेपातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. हौस आणि गरज यांतला फरक परतीच्या तिकिटाचा असतो, आणि ते खिशात असणाऱ्यानं आपल्या धाडसाचं वर्णन जरा बेतानंच करावं. उरलेल्या अर्ध्याशी माझं जमत नाही. सक्तीची गोष्ट माणसं हौसेनं करतात म्हणून तिच्यातलं ज्ञान खोटं ठरत नाही. उलट कोपीतली बाई पाचटाचा जाड थर खाली अंथरते, दार वाऱ्याच्या पाठीला ठेवते, पोराला मधे घेऊन झोपते. महागड्या पुस्तिकेत पहिल्या तीन प्रकरणांत असतं ते हेच. यादी करणाऱ्यांनी सल्ला कुणाला विचारायचा, एवढंच यातून कळतं.

दुसरा एक हिशेबी आक्षेप असा, की आता या सगळ्याची गरज काय? पैसे भरले की संस्था नेतात. उत्तराखंडात सांकरीहून निघून केदारकांठा करायचा, साडेबारा हजार फूट, डिसेंबर-जानेवारीत मराठी माणसांची तिथं इतकी वर्दळ असते की ‘अहो, जरा सरका’ एवढ्या मराठीवर शिखर गाठता येतं. तंबू त्यांचे, स्वयंपाकी त्यांचा, स्लीपिंग बॅग त्यांची, जॅकेट भाड्यानं. ही सोय उत्तम आहे आणि नवख्यानं नॉर्वेच्या आधी तिथंच जावं. पण तंबू भाड्यानं मिळतो, झोप भाड्यानं मिळत नाही. घाम येऊ द्यायचा नाही, मोजे पोटाशी घ्यायचे, तोंड बाहेर ठेवायचं, रात्री दोन वाजता आळस करायचा नाही, हे कुठलाही स्वयंपाकी आपल्या वतीनं करत नाही. ‘हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात’ असं उत्तरेकडचे लोक म्हणतात. हे म्हणणाऱ्याला मेच्या मध्यात किनवटच्या बसस्थानकावर दुपारी दोन वाजता उभं करावं. थंडीत एकावर एक चढवता तरी येतं, उकाड्यात काढायला मर्यादा असते. तेव्हा त्यांच्या म्हणीला आपण भुलू नये, आणि आपल्या उन्हाळ्यानं आपल्याला काटक केलंय या समजुतीलाही भुलू नये. उन्हाळ्यानं आपल्याला काटक केलंय ते उन्हाळ्यापुरतं.

नॉर्वेचे लोक म्हणीत काहीही म्हणोत, वागतात मात्र माहूरच्या रीतीनं. १९५७ च्या कायद्यानं त्यांच्याकडं कुणालाही उघड्या रानात तंबू ठोकायचा हक्क आहे. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि वस्तीजवळ एका जागी दोन रात्रींहून जास्त थांबायचं तर मालकाला विचारायचं. दत्तजयंतीला माहूरला दोन कुटुंबांच्या वाकळांमध्ये दीडशे सेंटिमीटर सापडले तरी लोक त्याला प्रशस्त म्हणतात. एवढा हक्क असूनही हिवाळ्यात डोंगरात निघालेला शहाणा नॉर्वेकर रात्री झोपडी गाठतो. १८६८ साली स्थापन झालेल्या त्यांच्या पर्यटन संघटनेच्या पाचशेहून जास्त झोपड्या डोंगरोडोंगरी आहेत. कित्येकांत माणूस नसतो. कपाटात डबे असतात, चुलीशी लाकडं असतात, आपण शिजवून खायचं, वहीत लिहायचं आणि पैसे भरायचे. दिवसा हवं तिथं हिंडायचं आणि निद्रास्थान आधी पक्कं करायचं, हा बेत आपल्याला ओळखीचा वाटायला हरकत नाही. मराठवाडी माणसानं पहिल्या खेपेला या झोपड्या धरूनच वाट आखावी, तंबू सोबत असू द्यावा, आणि झोपडीच्या अंगणात एक रात्र त्यात झोपून पाहावी. दार दहा पावलांवर असताना शिकलेली थंडी पुरते. व्हिसाच्या अर्जातला तो रकानाही मग भरता येतो.

या लोकांनी डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम केले आहेत आणि ते तिथं शाळकरी पोरालाही येतात. हवामान पाहा, बेत कुणाला तरी सांगून जा, नकाशा ठेवा, असे ते नेहमीचेच आहेत. आठवा नियम मात्र वेगळा आहे: वेळेवर मागं फिरा, मागं फिरण्यात लाज नाही. लाखभर रुपये घालून, गल्लीत पेढे वाटून, फोटोचं वचन देऊन निघालेल्या माणसाला हा नियम नऊही नियमांत सर्वांत अवघड जाणार, कारण नांदेडला उतरल्यावर पहिला प्रश्न ‘शिखरावर गेलता का?’ हाच असतो. त्यावर एक उत्तर तयार ठेवता येईल. दत्तगुरू रोज संध्याकाळी मागंच फिरत, आणि माहूरला अजून कुणी त्यांना विचारलेलं नाही.